प्रायश्चित्त की पश्चात्ताप? डिम्सडेलचं वाक्य अडलंय

दुपारची_शाळा: वाचनगटासाठी हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मधलं (१८५०) जंगलातल्या भेटीचं प्रकरण मराठीत करतेय. सतराव्या शतकातलं बॉस्टन. हेस्टर छातीवर लाल ‘ए’ अक्षर लावून उघडपणे शिक्षा भोगतेय, आणि तिच्या मुलीचा बाप असलेला पाद्री डिम्सडेल सात वर्षं गप्प. तो तिला म्हणतो, पेनन्स भरपूर झाला, पेनिटन्स अजिबात नाही. मी लिहिलं, ‘प्रायश्चित्त पुष्कळ झालं, पश्चात्ताप मात्र नाही.’ नवरा म्हणाला, उलटं झालंय. माणूस सात वर्षं आतून जळतोय, मग पश्चात्ताप नाही कसा? तिथेच अडलेय.

ओसरी: नवरोबा चुकले. कपाटातला चाबूक काढून स्वतःला फोडून काढणं, उपास, जागरणं, हे सगळं प्रायश्चित. कबुली तेवढी नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद झाला, पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित घेतलं. चहाचा पश्चात्ताप झाला होता म्हणून घेतलं का? नाव नको.

दंडान्वय: आधी शेवटचा त जोडा. प्रायश्चित्त! प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय. निश्चय नसेल तर नुसत्या फटक्यांना प्रायश्चित्त म्हणताच येत नाही. ‘देहदंड’ लिहा.

ओसरी: जोडला. पण प्राय म्हणजे तप, तर प्रायोपवेशन म्हणजे तपाला बसणं का? तिथे माणूस अन्न सोडून मरतो.

दंडान्वय: तिथे प्राय म्हणजे देह सोडून जाणं. एका शब्दाला दोन अर्थ असतात.

ओसरी: हो, आणि दोन्ही तुमच्याच बाजूचे.

वसईचा_केळेवाला: आम्ही कॅथलिक. पापनिवेदनानंतर फादर जे करायला सांगतात त्याला घरी सरळ प्रायश्चित्तच म्हणतो. शेजारचे पेरू चोरले म्हणून मला पाच प्रार्थना मिळाल्या, भावाला दहा. बाहेर आल्यावर तो म्हणतो, ‘तू स्वस्तात सुटलास.’ पश्चात्ताप दोघांनाही शून्य, पेरू गोड होते. तेव्हा शाळाबाईंचं वाक्य बरोबर. गंमत म्हणजे तिथल्या प्युरिटनांना, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांना, पाद्र्याच्या कानात पाप सांगणं मान्यच नव्हतं. डिम्सडेलनं सांगायचं तर थेट चव्हाट्यावर, नाहीतर पोटात ठेवायचं. त्याचे ते फटकेही रोमच्या जुन्या धर्माला शोभणारे, असा टोमणा लेखकानंच मारलाय.

टाकेवाली: पश्चात्ताप फार पुस्तकी वाटतो. ‘पस्तावा’?

दुपारची_शाळा: पस्तावा नको. जमीन स्वस्तात विकली की माणूस पस्तावतो. त्यात नुकसानीचं दुःख असतं, पापाचं नाही.

हरिपाठ_रोज: संतांचा ‘अनुताप’ असताना इकडेतिकडे कशाला शोधता?

ओसरी: वाचनगटातल्या निम्म्यांना नुसता ताप येईल.

टाकेवाली: बरं, छातीवरच्या अक्षराचं काय केलंत? ‘व्यभिचार’चा ‘व्य’? तो शब्द तर लेखकानं कादंबरीत कुठेच लिहिला नाही. शिवाय मी भरतकाम शिकवते. लाल कापडावर कलाबतूनं जोडाक्षर भरून बघा. अर्ध्या व च्या पोटात टाके नुसते गर्दी करतात. अनाचाराचा ‘अ’ घ्या, भरायला सुटसुटीत. पुढे ती आजाऱ्यांच्या उशापाशी बसायला लागते, तेव्हा गावकरीच त्या ‘ए’चा अर्थ ‘एबल’ लावतात ना? मराठीत त्यांनी फक्त काना द्यायचा. ‘आधार’!

दंडान्वय: बॉस्टनच्या बाईच्या अंगावर देवनागरी? इंग्रजी ‘ए’च ठेवा.

टाकेवाली: तिच्या तोंडी मराठी घातलेली चालते, अंगावर नाही?

दंडान्वय: आणि अ ला काना देत नाहीत. आ स्वतंत्र स्वर आहे.

ओसरी: मग अ वरचा काना कुणी काढला? सावरकरांची अ ची बाराखडी आठवा. अि, अी, अु, सगळं चालायचं.

वसईचा_केळेवाला: आजोबांकडे त्या बाराखडीत छापलेलं एक पुस्तक होतं. मला वाचताना वाटायचं, छापणाऱ्याकडचे अक्षरांचे खिळे संपले असणार.

दुपारची_शाळा: मंडळी, उद्या सकाळी गट बसतोय. ‘देहदंड’ लिहू की ‘प्रायश्चित्त’ ठेवू?

दंडान्वय: खिळे संपले नव्हते, वाचवायचेच होते. मुद्रणाची सोय हाच तर त्या सुधारणेचा मुद्दा होता.

ओसरी: सोय म्हणून ‘अि’? डोळ्यांना बघवत नाही ते.