डेलियाचे कंद आत्ताच काढू का?

वहिनी: आत्या, रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडली. सकाळी बघते तर डेलियाची सगळी पानं काळी! परवापर्यंत फुलं होती हो. झाडं गेली का?

आत्या: अगं, घाबरू नकोस. वरचं गेलं, खाली कंद जिवंत आहेत. डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला, गार हवा त्याला चालते. पण कंद गोठला की मऊ पडून सडतो. जमीन खोलवर गोठायच्या आत काढायचे.

दादा: मग आजच खणतो.

आत्या: आठवडाभर थांब रे. खोड वीतभर ठेवून वरचं काप. तेवढ्यात डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जरा फुगतात, ओळखू येतात.

दादा: गेल्या वर्षी मी खोड धरून ओढले होते. चांगले जाडजूड कंद, पण निम्मे उगवलेच नाहीत.

आत्या: तिथंच गोम आहे. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा डोळा फक्त जुन्या खोडाच्या बुडाशी, कंदाच्या मानेपाशी. मान मोडली की कंद कितीही भरलेला असो, कोंब येत नाही. म्हणून खोडापासून फूटभर लांबून चारही बाजूंनी माती सैल कर आणि खालून दोन्ही हातांनी अख्खा झुबका उचल. ओढायचं नाही म्हणजे नाही.

वहिनी: धुवायचे का?

आत्या: मी धुते. कुजका भाग लगेच दिसतो. मग एक-दोन दिवस सावलीत उलटे ठेव, खोड पोकळ असतं, आतलं पाणी निथळायला हवं. नंतर खोक्यात लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), हाताला जेमतेम ओलसर लागेल इतपत.

दादा: खोकं हीटरच्या खोलीत ठेवू?

आत्या: नको, सुरकुततील! 4 ते 10 अंशांत राहतील अशी अंधारी जागा बघ. महिन्यातून एकदा उघडायचं. मऊ लागला तर निरोगी गर दिसेपर्यंत कापायचं, सुरकुतला तर पाण्याचा हलका शिपका.

वहिनी: एक झुबका मघाशीच काढला, राहवलं नाही. फोटो टाकलाय. मानेवर गुलाबीसर टिपका दिसतोय, तोच का डोळा?

आत्या: तोच गं! टाचणीच्या डोक्याएवढाच असतो. आता त्या झुबक्याला फुलाच्या रंगाची चिठ्ठी बांध, सुकल्यावर सगळे सारखेच दिसतात.