मदत हवी आहे : बागेतला जुना आयशर वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडतो, जरा थांबलं की पुन्हा चालू

आयशरवाला (वरुड तालुका)

नमस्कार मंडळी,

पोळा तोंडावर आलाय आणि ट्रॅक्टर दगा देतोय, म्हणून घाईनं धागा काढतो आहे. जुन्या डिझेल इंजिनांत ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी लांबण वाटलं तरी कृपया पूर्ण वाचावं.

एक सिलिंडरवाला जुना आयशर आहे. रेडिएटर नाही, हवेवर थंड होणारा. आम्ही तीन दोस्तांनी मिळून भंगारवाल्याच्या दारातून उचलला. गावात आता आमची नावं कुणी घेत नाही. मी आयशरवाला, दुसऱ्याकडे जुना एचएमटी झेटर 2511 आहे म्हणून तो झेटर, आणि तिसरा मास्तर. मास्तरकडे ट्रॅक्टर नाही, मत आहे.

हौस आहेच, पण नुसती हौस नाही. माझी संत्र्याची बाग जुनी, फांद्या पार खाली टेकलेल्या. सध्या झाडावर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची फळं आहेत. मोठा ट्रॅक्टर ओळीत घातला की एका बाजूच्या फांद्या तरी मोडतातच. हा बुटका गडी मात्र खालून वाकून निघून जातो. मागं छोटा वखर लावला की तण साफ.

आता दुखणं सांगतो. सकाळी अर्ध्या सेल्फवर चालू होतो. आवाज एकदम खणखणीत, धुरात काही वावगं नाही. वीस-पंचवीस मिनिटं काम करतो. मग रेस आपोआप खाली येते, पुन्हा चढते, पुन्हा खाली येते आणि बंद. लगेच सेल्फ मारला तर फक्त फिरतो, पेटत नाही. चहा पिऊन आलं की पुन्हा पहिल्यासारखा चालू.

करून झालेलं : दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा काढली, एअर क्लीनरचं ऑइल बदललं, सिलिंडरच्या पाकळ्यांत तेल आणि धूळ मिळून थर बसला होता तो खरवडून काढला, नोझल तपासून आणलं. तालुक्याच्या मिस्त्रीचं म्हणणं, इंजिन तापलं की प्लंजर (डिझेल पंपातला दाब देणारा दांडा) सोडतो, पंपच उघडावा लागेल. खर्च ऐकून झेटर म्हणाला, "तेवढ्यात दुसरं भंगार येते बे!"

मागच्या आठवड्यात तर शोभाच झाली. झेटरच्या वावरातून परत येताना पांदणीत बंद पडला. पाऊस होऊन गेलेला, काळ्या मातीत चाकं निम्मी रुतलेली, मागून दोन बंड्या येऊन थांबल्या. मास्तर मडगार्डवर बसून हवा कशी काढायची ते सांगत होता आणि आमच्याकडचा एकुलता एक चौदा-पंधराचा पाना त्याच्या हातून शेजारच्या विहिरीत गेला. शेवटी बंडीवाल्या बुवांनी बैल सोडून ट्रॅक्टरला जुंपले. ओढत आणला आणि गावात शिरताना मोठ्यानं ओरडले, "पाहा गा, पोळ्याच्या तोंडावर बैलाईले काय काय ओढा लागून राहिलं!" त्या दिवसापासून पारावरची पोरं मला बैल हवेत का म्हणून विचारतात.

तर प्रश्न असा : खरंच पंप गेलाय, की पंप उघडण्याआधी आणखी काही बघता येईल?

पंपवाला_अकोला

भाऊ, पंपाला आत्ताच हात लावू नका. उघडला की कॅलिब्रेशन (डिझेलचं माप पुन्हा जुळवणं) आलं आणि मग तो खर्च कुठं थांबेल सांगता येत नाही.

तुम्ही लिहिलंय रेस खाली-वर होऊन बंद पडतो. डिझेल पुरत नसलं की इंजिन असंच करतं. रेस पडली की गव्हर्नर (रेस सांभाळणारा भाग) जास्त डिझेल मागतो, थोडं मिळालं की उचलतो, पुन्हा उपाशी. झिजलेला प्लंजर बहुतेक वेगळा वागतो. चालू असताना काम करत राहतो, पण गरम झाल्यावर बंद केला तर पुन्हा चालू व्हायला त्रास देतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होऊन प्लंजरच्या फटीतून निसटतं.

दोन गोष्टी सांगा. बंद पडायच्या आधी काळा धूर येतो का? आणि डिझेल टाकीचं झाकण मूळचं आहे का? मूळ झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल खाली उतरत नाही. थांबलं की हवा हळूहळू आत शिरते, म्हणून पुन्हा चालू.

आणि एक, कुणी सांगेल तापलेल्या पंपावर गार पाणी ओता, बघा चालू होतो का. अजिबात ओतू नका. प्लंजर जागच्या जागी जाम होतो.

खरंखोटं

विकून टाका राव. आता छोटे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर मिळतात, बागेसाठीच बनवलेले. पन्नाशी ओलांडलेल्या लोखंडात पैसे घालायची हौस मला तरी कळत नाही.

आयशरवाला

@खरंखोटं, नवीन घ्यायचा असता तर धागा वेगळा काढला असता. तुमचं गणित बरोबर आहे, पण आमचा रविवार त्या गणितात बसत नाही.

@पंपवाला_अकोला, काळा धूर अजिबात नाही, बंद पडताना थोडा पांढुरका येतो. झाकण मूळचं नाही. वेल्डरकडून बनवून घेतलंय, आत रबर लावलेलं आहे. छिद्र दिसत नाही! उद्या झाकण सैल ठेवून चालवतो.

नागपूरकर_सध्या_पुण्यात

उत्तर माहीत नाही, पण धागा वाचून मजा आली. अमेरिकेत जुन्या गार्डन ट्रॅक्टरचं असंच वेड आहे. 1961 चा कब कॅडेट, 1963 चा जॉन डिअर 110, सात हॉर्सपॉवरची पेट्रोल यंत्रं, मुख्य काम अंगणातलं गवत कापायचं. लोक ती नटबोल्टासकट सोडवून, रंगवून पुन्हा उभी करतात आणि मेळावे भरवतात. आमच्या आजोबांच्या वावरात एवढ्याशा यंत्राला कुणी उभंही केलं नसतं, पण व्हिडिओ बघताना तासन् तास जातात.

तुमच्या आयशरचा मानही मोठा आहे. देशात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर आयशरचाच, 24 एप्रिल 1959, फरीदाबाद. त्यामुळे भंगार म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आयशरवाला

ते व्हिडिओ आम्हीही बघतो. झेटरचं एकच म्हणणं असतं, "यायचं वावर तं आपल्या खळ्याएवढं बी नाही."

आता बातमी. झाकण सैल करून चालवला. मास्तरनं आधीच जाहीर करून टाकलं होतं की झाकणच आहे, त्यानं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं (पहिल्या दिवशी तो बॅटरी म्हणत होता). बागेच्या तिसऱ्या ओळीत बंद पडला. झाकण पार काढून हातात घेतलं तरी तेच. फरक शून्य. मास्तर तेव्हापासून शाळेच्या कामात आहे.

पंपवाला_अकोला

झाकणाला छिद्र तरीही पाडून घ्या, ते हवंच.

आता असं करा. बंद पडला की लगेच, चहाला न जाता, फिल्टरवर हवा काढायचा जो स्क्रू आहे तो दोन आटे सैल करा. डिझेल जोरात आलं, बुडबुडे नाहीत, तर टाकी ते फिल्टर रस्ता मोकळा आहे आणि मग पंपाकडे बघू. फेस आला तर कुठून तरी हवा ओढतोय. काहीच आलं नाही किंवा नुसतं झिरपलं, तर रस्ता तुंबलाय. फिल्टर नवे आहेत, म्हणजे मग कॉक (टाकीखालची डिझेलची तोटी), पाइप किंवा टाकी.

त्यानंतर दुसरी तपासणी, ही महत्त्वाची. इंजिन बंद. फिल्टरला येणारा पाइप सोडा, त्याचं तोंड पारदर्शक बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार कशी पडते ते बघत राहा. सुरुवातीची धार बघून "मस्त आहे" म्हणून बंद करू नका, बाटली भरू द्या. इंजिन गरम असेल, बिडी-सिगारेटवाल्यांना धुऱ्यापलीकडे बसवा.

मोर्शीचा_पोऱ्या

भाऊ, आमच्या जुन्या स्वराजले असंच झालतं. कॉकच्या आतली जाळी बुजलती. काढून फेकली आमच्या बानं, मंग फिल्टर लवकर लवकर बदला लागे. तुमी जाळी फेकू नका.

आयशरवाला

मंडळी, सापडलं! सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

बंद पडल्याबरोबर स्क्रू सैल केला. डिझेलचा थेंबही उडाला नाही, नुसतं ओलं झालं. म्हणजे पंप निर्दोष. झेटरनं तिथंच मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडली.

मग बाटली. पाण्याची रिकामी बाटली झेटरनं धरली, मी कॉक उघडला. तोवर थोडा वेळ गेला होता. करंगळीएवढी छान धार पडली. पाव बाटली झाली, तरी धार तीच. मी कॉक बंद करणार होतो, पण तुमचं वाक्य आठवलं. अर्ध्या बाटलीशी धार एकाएकी दोऱ्याएवढी झाली, मग थेंब थेंब, मग तेही नाही. कॉक बंद केला, थोडं थांबलो, पुन्हा उघडला, पुन्हा करंगळीएवढी. आम्ही दोघं चिखलात उकिडवे बसून तेच तेच करत होतो. शेजारच्या वावरातली बाई निंदण सोडून बघायला आली. "भाऊ, हे मोजून काय करता?"

टाकी उतरवली. पाइपचे बेंजो बोल्ट (डिझेल आतून जाणारे पोकळ बोल्ट) सोडायला मास्तरला त्याच्या शाळेच्या कामातून उठवून आणलं, कारण उसना पाना त्याच्या साडूचा. टाकीत टॉर्च मारला तर तळाशी लालसर काहीतरी हलताना दिसलं. आधीच्या कुणा मालकानं टाकीला आतून रेडऑक्साइड, म्हणजे लोखंडाला मारतात तो लाल रंग, मारलेला. गंज लागू नये म्हणून असेल बिचाऱ्यानं, पण डिझेलनं तो सोडवलाय आणि पापुद्रे सुटलेत. त्यातला एक चांगला आठ आण्याच्या नाण्याएवढा. डिझेल वाहायला लागलं की तो ओढीनं सरकत जाऊन बरोबर तोंडावर बसायचा. इंजिन बंद झालं, ओढ संपली, की पुन्हा तरंगत बाजूला.

पापुद्रा काढून आम्ही बोनेटवर वाळत ठेवला. मास्तर त्याचा फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकणार होता, आवरला.

आता उरलेले प्रश्न. आतला बाकीचा रंग कसा काढायचा? काढल्यावर आतून दुसरं काही लावायचं का? आणि बेंजो बोल्टचे तांब्याचे वायसर (वॉशर) चपटे झालेत, तालुक्याला त्या मापाचे मिळाले नाहीत.

पंपवाला_अकोला

छान केलंत. धार बघत बसायचा कंटाळा लोक करतात आणि मग नाहक पंप खोलला जातो.

रंग काढायला : टाकीत मूठ-दोन मूठ बारीक धुतलेली गिट्टी किंवा सायकलची जुनी चेन टाका, थोडं डिझेल घाला, तोंडं बंद करा आणि दोघांनी मिळून हलवा. सगळ्या बाजूंनी. डिझेल लाल येतंय तोवर बदलत राहा. शेवटी खडे मोजून बाहेर काढा, एक आत राहिला तर नवा धागा काढावा लागेल. पाणी आणि साबण वापरू नका, सांध्यांत ओल राहते. पत्र्याला वेल्डिंग लागत असेल तर डिझेलची टाकी तशीच वेल्डरसमोर ठेवू नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

आतून काहीही लावू नका. कोरा पत्राच बरा. फक्त पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. अर्धी ठेवली की रात्रीच्या गारव्यात रिकाम्या भागाला आतून घाम येतो, ते पाणी तळाला बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

वायसर नवीन नको. चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद करा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ होतं, पुन्हा नव्यासारखं बसतं. लोखंडाच्या उलट आहे हे, म्हणून बरेच जण विश्वास ठेवत नाहीत. वरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरनं घासून मगच बसवा.

खरंखोटं

पापुद्र्याचा फोटो टाका की इथे. (विकायचा सल्ला मागे घेत नाही.)

आयशरवाला

गिट्टी टाकून टाकी हलवायचं काम आज संध्याकाळी पारावर झालं. जो आला त्यानं हात लावला, बैल विचारणाऱ्या पोरांनी सगळ्यात जास्त. पाचव्या खेपेला डिझेल स्वच्छ आलं. खडे मास्तरनं मोजून टाकले होते, मोजूनच काढले, त्याचं एवढं श्रेय त्याला देऊन टाकतो. वायसर घरच्या गॅसवर लाल केले. बायकोनं चिमटा परत घेतलेला नाही, नवा आणायला सांगितलाय.

टाकी बसवली, हवा काढली, आणि झेटरच्या वावरापर्यंत जाऊन परत आलो. वाटेत ती बंडी भेटली. बुवांनी बैल थांबवून बराच वेळ आवाज ऐकला. म्हणाले, "आता बरा श्वास घेऊन राहिला."

उद्या खांदशेकणी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे. बुवांच्या बैलांना आवतण द्यायला आम्ही तिघंही जाणार आहोत, त्यांचं देणं लागतो. झेटरनं तर आजच आयशरच्या बोनेटवर हात ठेवून म्हणून टाकलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

@पंपवाला_अकोला, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जमलं तर याच. झेटरच्या ट्रॅक्टरची लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी) वर जाते पण वखर धरून ठेवत नाही, आपोआप खाली बसते. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखानाच बंद झाल्यामुळे सुटे भाग शोधण्यात त्याचे रविवार जातात. त्याचा वेगळा धागा तो काढणार आहे, पण टाइप मलाच करावं लागेल असं दिसतं.

पंपवाला_अकोला

येतो. लिफ्ट बंद इंजिनवरही खाली येते की फक्त चालू असताना, तेवढं पाहून ठेवायला सांगा त्याला. आणि चौदा-पंधराचा पाना मी माझाच आणतो. विहिरीपासून लांब उभं राहायचं मास्तरनं.