लघुपट शिकताना कंटिन्युइटी, म्हणजे शॉटांमधली सलगता, आधी हवी का?

गेल्या महिन्यात सांगलीत कृष्णेच्या घाटावर आमच्या विद्यार्थी गटाने समोरासमोर बसलेल्या दोन मित्रांचा संवाद चित्रित केला. पहिल्याचे शॉट पाण्याच्या बाजूने घेतले आणि ऊन डोळ्यांवर येऊ लागल्याने दुसऱ्यासाठी कॅमेरा वरच्या पायऱ्यांवर नेला. संकलनाला बसल्यावर दोघेही उजवीकडेच पाहताना दिसले, म्हणजे ते एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कुणाशी बोलत होते. दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा आम्ही ओलांडली होती. कॅमेरा या रेषेच्या एकाच बाजूला ठेवण्याचा १८० अंशांचा नियम, एकाच विषयाच्या सलग दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याचा कोन किमान ३० अंशांनी बदलणे आणि हालचाल चालू असतानाच कट करणे, एवढे तरी पहिल्या लघुपटाआधी हातात बसलेले असावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : मला हे पटत नाही. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू संवादात ही रेषा सर्रास ओलांडत असत, आणि १९६० साली फ्रेंच दिग्दर्शक गोदारने जंप कट (चालू शॉटचा मधला भाग गाळून घेतलेली उडी) उघडपणे वापरले. आपल्याकडची मुले मात्र ग्लासातल्या चहाची पातळी जुळवण्यात दुपार घालवतात आणि तोवर नटाचा चेहरा उतरतो. आधी गोष्ट सांगू द्या, चुका नंतर दिसतीलच.

प्रतिसाद २ : ओझूंचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. त्यांचा कॅमेरा बहुधा खाली, जमिनीलगत आणि स्थिर असतो आणि रेषाही ते इतक्या नेमाने ओलांडतात की प्रेक्षकाला तीच रीत सवयीची होते. घाटावर जे घडले ती रीत नव्हती, उन्हाची अडचण होती. खरे तर रेषेवरूनच एक शॉट घेतला असता, किंवा चालू शॉटमध्येच कॅमेरा पलीकडे नेला असता, तर बाजू बदलूनही गोंधळ झाला नसता. हा उपाय नियम माहीत असणाऱ्यालाच सुचतो.

प्रतिसाद १ : नजरेच्या दिशेचा मुद्दा मान्य, कारण ती चुकली तर गोष्टच कळत नाही. चहाच्या पातळीबाबत मात्र मी मागे हटणार नाही. उचललेला ग्लास ओठांकडे जात असतानाच कट केला, तर प्रेक्षकाची नजर हाताच्या मागे जाते आणि दोन घोटांचा फरक तो मोजत बसत नाही. प्रत्येक टेकनंतर ग्लास भरायला धावणारा मुलगा त्या वेळी नटांच्या नजरा तपासत उभा असता, तर घाटावरची चूक तिथेच सापडली असती.