सही आधी की नाव आधी? वडिलांची जमीन, तीन बहिणी आणि आमचं खाडीकाठचं गाव

खाजण_बांध

वडील जाऊन चार महिने झाले. मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीकाठी आमचं गाव. साठ-सत्तर घरं, सगळी मुसलमानांची, आणि त्यातली निम्मी वर्षाचे दहा महिने कुलपात. पुढे आखाती पैशाचे दुमजली बंगले, मागे गवत माजलेली भातखाचरं. ज्यांनी आमच्याकडची गावं पाहिलीत त्यांना चित्र माहीत आहे.

वडिलांच्या नावावर 80 गुंठे. खाचरं, थोडं वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, त्यात काजूची कलमं. मागे आई, आम्ही दोघे भाऊ, तीन बहिणी. शरियतचा हिशोब शाळकरी पोरही करेल. आईचा आठवा हिस्सा, म्हणजे 10 गुंठे. उरलेल्या 70 मध्ये मुलाला दोन वाटे, मुलीला एक. आम्हा भावांना 20-20, बहिणींना 10-10.

चाळिसावं व्हायच्या आतच थोरला भाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. म्हणाला, "बहिणी कशाला नाही म्हणतील?" खरंच, कोणी नाही म्हटलं नाही. दोघींनी तर कागद वाचलाही नाही. धाकटी म्हणाली, आईला विचारा. आई उठून आत गेली.

मी अडवलं. म्हटलं, आधी सगळ्यांची नावं सातबाऱ्यावर लागू देत. मग वर्षा-दोन वर्षांनी ज्या बहिणीला सोडायचं असेल तिने खुशाल सोडावं. तेव्हापासून थोरला माझ्याशी बोलत नाही.

हाच माझा भाऊ बँकेतलं व्याज घरात येऊ देत नाही. दरवर्षी तेवढी रक्कम काढून गरिबाला देतो, तीही सवाबाची, म्हणजे पुण्याची, अपेक्षा न ठेवता. मला त्याचा अभिमान आहे. पण मशिदीच्या पायरीपर्यंत शरियत आणि बांधावर पाय ठेवला की रिवाज, हे मला कळत नाही. मय्यत झालेल्या घरात घेतलेल्या सहीला मी बक्षीस मानत नाही. तुम्ही मानता का?

---

दर्यावर्दी

मानतो. आणि शिव्या खायला तयार आहे.

मी 31 वर्षं जहाजावर काढली. माझ्या तिन्ही बहिणींची लग्नं, पाच बाळंतपणं, एकीच्या नवऱ्याची व्हिसाची फी, सगळं ह्या हातांनी केलं. त्याचा सातबारा कुठे निघतो? बहिणी दर उन्हाळ्यात पोराबाळांसकट येतात, महिनाभर राहतात, आंब्याच्या पेट्या घेऊन जातात. हे त्यांचं हक्काचं घर आहे. एकदा गुंठ्यांचा हिशोब झाला की ते पाहुण्यांचं घर होतं.

दुसरं, आणि हे भावनेचं नाही. आमच्या एका सातबाऱ्यावर आज 43 नावं आहेत. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, आमची वाडी आडवी झाली. नारळ, सुपारी, जुनी हापूसची झाडं, सगळं. पंचनामा झाला, मदतही मंजूर झाली, पण सामाईक खातं म्हणून सगळ्या हिस्सेदारांची संमतीपत्रं मागितली. एक चुलत भाऊ कुवेतला, आत्याची मुलं मीरारोडला, एक शाखा आजोबांच्या काळात डर्बनला गेली ती परतलीच नाही. ज्या फांद्या मी स्वतः कापून काढल्या त्यांची भरपाई मिळायला मला वर्ष लागलं. आता तू आणखी तीन नावं घालणार, पुढे त्यांच्या पोरांची बारा. पोरीचा हक्क पोरीला मिळो न मिळो, जमीन कोणाचीच राहत नाही.

---

खाडीकाठची

दर्यावर्दीचाचा, तुमचं संमतीपत्रांचं म्हणणं खरं आहे. मी नाकारणार नाही. पण त्या 43 मध्ये बहिणी किती आणि भाऊ-चुलतभाऊ किती, ते एकदा मोजा. कुवेतवाला आणि डर्बनवाले पुरुषच असणार. त्यांची नावं नडली म्हणून कोणी त्यांना हक्क सोडायला सांगितलं का?

माझं सांगते. मी चोविसाव्या वर्षी सही केली. कागदावर काय आहे ते माहीत होतं, तरी केली, कारण न करणारी बहीण कशी दिसते तेही माहीत होतं. भाऊ वाईट नाहीत, आजही ईदला पहिला फोन त्यांचाच येतो. त्याच वादळात माझ्या सासरच्या घराचे पत्रे उडाले. मी दोन मुलांना घेऊन माहेरी गेले. पहिले पंधरा दिवस मी लेक होते. तिसऱ्या आठवड्यात भाकऱ्या मोजायला लागले. कोणी काही बोललं नव्हतं. मीच मोजत होते.

म्हणजे माहेरपण हे हिश्शाचं मोल आहे म्हणता तर एक सांगा, भाऊ स्वतःचा हिस्सा घेतो तरी आईच्या हातचं जेवतोच ना? त्याचं माहेर का नाही बंद होत?

---

वरकस

दोघेही अर्धं बोलताय. हिस्सा कोणाचा हा नंतरचा प्रश्न, मोजून दिला जात नाही हा खरा रोग. आमच्याकडे वारसनोंदी होतात, वाटप होत नाही. महसूल संहितेत कलम 85 खाली तहसीलदाराकडून वाटप करून घेता येतं, पण त्याला सगळे हिस्सेदार एका जागी यायला हवेत आणि मोजणीचे पैसे भरायला हवेत. कोकणात कोणी भरत नाही, कारण जो तो म्हणतो की पडीक तर आहे, घाई काय? मग रानडुकरं आणि माकडं ताबा घेतात. ते एकमेव असे वहिवाटदार आहेत ज्यांना संमतीपत्र लागत नाही.

आणि 10 गुंठ्यांचं काय करणार? तुकडेबंदी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेहून लहान तुकडा पाडू न देणारा कायदा, 1947 पासून आहे. जिरायतीला आज 20 गुंठ्यांची मर्यादा आहे, भातखाचर जिरायतच धरतात. बहिणीचा तुकडा कायद्याने वेगळा काढता येणारच नाही.

त्यापेक्षा शरियतमध्येच वाट आहे, तिला तखारुज म्हणतात. वारसाने ठरलेली रक्कम किंवा वस्तू घेऊन बाकीच्यांच्या लाभात बाजूला व्हायचं. काजूची बाग बहिणींना, खाचरं भावांना, किंवा आजच्या दराने रोख. फुकटची सही आणि मोबदल्याची सही यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या गावात दोन घरांनी असं केलं, भांडण झालं नाही. (झालं, पण दरावरून झालं, हक्कावरून नाही.)

---

सनदवाली

वकिली करते म्हणून थोडं कायद्याचं, कारण "शरियत की रिवाज" हा प्रश्न आपल्या गावापुरता नाही.

1937 चा शरियत कायदा आला तो वारसाहक्कातला रिवाज मोडायलाच. पण त्याच्या दुसऱ्याच कलमात कंसात लिहून ठेवलं, शेतजमिनीचे प्रश्न वगळून. कारण 1935 च्या भारत सरकार कायद्याने शेतजमीन प्रांतांकडे गेली होती. म्हणजे घर, दागिने, दुकान शरियतने, आणि गावातल्या बाईच्या वाट्याला येऊ शकणारी एकमेव मोठी गोष्ट बाहेर. मद्रासने 1949 मध्ये आणि केरळने 1963 मध्ये दुरुस्ती करून शेतजमीन आत घेतली. उत्तर प्रदेशात जमीन कायद्याचा वारसाक्रमच वेगळा, त्यात मुलगा असला की लग्न झालेल्या मुलीला काही मिळालं नाही, मग धर्म कोणता का असेना.

आपल्याकडे काय? जुन्या मुंबई इलाख्यात 1827 चं रेग्युलेशन होतं. आधी सिद्ध झालेला रिवाज, नसेल तर प्रतिवादीचा धर्मकायदा. म्हणून आपल्या भागात मुलीला वगळायचा रिवाज आहे असं जो म्हणेल त्याने तो कोर्टात सिद्ध करायचा, जुना, अखंड आणि नेमका. चार चाचांनी चावडीवर मान डोलावून तो सिद्ध होत नाही. नोंद करताना तलाठी सर्रास मुसलमान कायद्याने सगळे वारस धरतो. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण ते म्हणताना जीभ अडखळते.) म्हणजे कागद बहिणीच्याच बाजूने आहे. हक्कसोडपत्राची गरज पडते ती म्हणूनच!

वरकस, तुकडेबंदीने तुकडा वेगळा निघत नाही हे बरोबर. नाव मात्र लागतं. आणि सूचना आली, पैसे आले, कोणी विकायला काढलं, तर विचारतात ते नावाला. महामार्ग रुंद झाला तेव्हा ते पुष्कळ बहिणींना कळलं, उशिरा.

---

दर्यावर्दी

वकीलबाई, मग वडिलांनीच जिवंतपणी मुलांना जमीन हिबा, म्हणजे बक्षीस, करून दिली असती तर? तोंडी हिबाही चालतो असं ऐकून आहे. आणि ज्या बहिणींनी वडिलांच्या हयातीतच पैसे घेतले त्यांचं काय? माझ्या एका बहिणीने घर बांधायला मोठी रक्कम घेतली होती.

---

सनदवाली

तोंडी हिबा चालतो, पण देणं, स्वीकारणं आणि ताबा देणं, तिन्ही हवं. वडील शेवटपर्यंत स्वतःच खाचर लावत असतील आणि शेतसाराही भरत असतील तर ताबा दिला कधी?

दुसरं तुमच्या बाजूचं आहे. बाप जिवंत असताना मुलाला किंवा मुलीला कसलाच हक्क नसतो, म्हणून तेव्हा सोडलेल्या हक्काला एरवी अर्थ नाही. पण मोबदला घेऊन हक्क सोडला असेल तर नंतर फिरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये सांगितलंय. तुमच्या बहिणीने घेतलेली रक्कम हिश्शाबद्दल होती की बापाने लेकीला प्रेमाने दिली, एवढंच सिद्ध करा. लग्नातलं जेवण यात मोजत नाहीत.

---

खाजण_बांध

हिब्याचं निघालंच म्हणून. आपल्या इमामसाहेबांनी कितीदा सांगितलेली हदीस आहे. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी त्यांना भेट दिली आणि पैगंबरांना साक्षी राहायला सांगितलं. त्यांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर साक्ष द्यायला नकार दिला. खुतब्यात ऐकताना सगळा मोहल्ला माना हलवतो. मीही हलवत आलोय.

---

एक_विधान

यावर एकच उपाय. सगळ्यांना समान नागरी कायदा. मुलीला अर्धा वाटा हाच मुळात अन्याय.

---

पलीकडची_वाडी

मी शेजारच्या कुणबी वाडीतला. आमच्या मुलींना 2005 पासून कायद्याने मुलाएवढा हिस्सा आहे, महाराष्ट्रात तर 1994 लाच दुरुस्ती झाली होती. माझ्या चार आत्यांनी आणि दोन बहिणींनी हक्कसोडपत्रं केलीत. त्याच दुय्यम निबंधकाकडे, त्याच मसुद्यावर, वर साडीचोळी. बाक एकच असतो, बुरखेवाल्याही तिथेच बसलेल्या असतात.

---

खाडीकाठची

एक_विधान, अर्धा वाटा अन्याय आहे की नाही यावर बोलू कधीतरी, मला बोलायला आवडेल. पण आत्ता मला तो अर्धाच मिळालेला नाही. तुमच्याकडे पूर्ण आहे, तुमच्या बहिणींना विचारून या.

वरकसभाऊ, तखारुज मला पटलं. फक्त एक. सौदा करायला आधी हातात काहीतरी लागतं. नाव न लावता मोबदला ठरवायचा म्हणजे भाऊ म्हणेल तो भाव. म्हणून मी खाजण_बांध यांच्या बाजूने आहे, आधी नाव.

---

दर्यावर्दी

मी अजून तिथेच आहे. नावं वाढवून जमीन वाचत नाही. पण 43 मधल्या बहिणी मोजल्या काल रात्री. सहा. बाकी आम्हीच.

खाजण_बांध, तुझ्या आईचं काय म्हणणं? एवढ्या चर्चेत तिच्या आठव्या हिश्शाचं कोणी नाव काढलं नाही, तूही एकदाच लिहिलंस.

---

खाजण_बांध

बरोबर धरलंत, चाचा. भावाच्या मसुद्यात सोडणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव आईचंच होतं. मी बहिणींसाठी भांडत होतो, ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. परवा मी तिला विचारलं. ती म्हणाली, चाळीस वर्षं त्या खाचरात लावणी केली, माझं नाव एकदा तिथे लिहिलेलं बघू दे, मग कोणाला द्यायचं ते मी सांगेन. तिला वाचता येत नाही. अरबी कुराण-शरीफ पढण्यापुरती अक्षरं येतात. सातबारा आला की तिला बोट ठेवून दाखवावं लागेल.

वारसनोंदीचा अर्ज सोमवारी दिला. नोटीस निघेल. थोरला हरकत घेणार असं ऐकतोय.

---

दर्यावर्दी

हरकत आली की सुनावणी, सुनावणी आली की तारखा. पावसाच्या आधी काही होत नाही. तोवर काजू कोण काढतंय?

---

खाजण_बांध

धाकटी आली होती, तिने काढले. ओले गर सोलून एक डबा थोरल्याच्या घरी पाठवला. डबा परत आलाय. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात चिमूटभर. हा धुऊन-पुसून रिकामा आलाय.

धाकटी म्हणते, गर ठेवून तर घेतले.