'सीनिक' नदीला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेच्या १९६८च्या 'वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स' या नदी-संरक्षणाच्या कायद्यावर मराठीत लिहिते आहे. त्यात नदीचे तीन वर्ग आहेत: वाइल्ड, सीनिक, रिक्रिएशनल. 'सीनिक'ला 'निसर्गरम्य' लिहिलं, पण मग 'वाइल्ड' नदी कमी सुंदर वाटायला लागते. शिवाय नदी निवडतानाच्या 'एलिजिबल' आणि 'सूटेबल' या दोन्ही पायऱ्यांना माझ्याकडून 'पात्र'च लिहिलं जातंय.

—

ताई, 'निसर्गरम्य' काढूनच टाका. हे वर्ग सौंदर्यावर ठरत नाहीत. रस्ता कुठवर येतो आणि काठावर किती बांधकाम झालंय, त्यावर ठरतात. सहसा पायवाटेनेच पोचता येतं ती वाइल्ड. काठ बहुतेक मोकळे, पण अधूनमधून रस्ता येतो ती सीनिक. रस्ता किंवा रेल्वे सहज पोचते, काठावर थोडी वस्ती आहे, ती रिक्रिएशनल. ऑरेगनमधली रोग नदी कायद्याच्या पहिल्या आठ नद्यांपैकी. तिच्या ८४ मैलांत हे तिन्ही वर्ग आहेत. मग त्यातला एकच तुकडा रम्य म्हणायचा का? मी 'दुर्गम', 'विरळ वावराची' आणि 'सुगम' असं लिहीन. 'करमणुकीची नदी' तर नकोच.

सौंदर्याचा विचार होतो तो आधी, नदी मुळात निकषांत बसते का हे पाहताना. ती मोकळी वाहती हवी, आणि देखावा, भूरचना, मासे, वन्यजीव, इतिहास, संस्कृती, जलविहार अशांपैकी निदान एक गोष्ट तिच्यात असामान्य हवी. तिथे 'रम्यता' खुशाल वापरा. एवढ्याने नदी 'पात्र' होते. काठच्या जमिनी कोणाच्या, धरणाचा बेत सोडायचा का, राखण कोण करणार, हे तपासून मग ती संरक्षणाला 'योग्य' ठरते. नोकरीचा अर्ज पात्र ठरला म्हणून नेमणूक झाली, असं आपणही म्हणत नाही.

फक्त 'नदी पात्र' आणि 'नदीचं पात्र' एकाच परिच्छेदात आलं की वाचक अडखळतो. तिथे 'निकषांत बसणारी' लिहा.

—

'मोकळी वाहती' छान आहे, त्याऐवजी 'बारमाही' मात्र लिहू नका. हंगामी नदीही मोकळी वाहती असू शकते. पाणी अडवणं, वळवणं, पात्र सरळ करणं, काठाला दगड रचणं, हे कायद्याला खटकतं. यासाठी आपल्याकडे फुगवटा (धरणामागे तुंबलेलं पाणी), वळण बंधारा, पिचिंग हे शब्द रोजचे आहेत. 'धरणाच्या फुगवट्यातला भाग मोकळा वाहता नव्हे' एवढं म्हटलं की कोयनाकाठच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. एखादा जुना बुटका बंधारा असला म्हणून नदी आपोआप बाद होत नाही, हेही लेखात यायला हवं.

—

'दुर्गम', 'सुगम' आणि 'फुगवटा' घेतले. 'विरळ वावराची' नेमकं आहे, पण तक्त्यात मावत नाही. तिथे 'सीनिक'च ठेवते आणि पहिल्या उल्लेखाला अर्थ उलगडून सांगते. याहून आटोपशीर शब्द कुणाला सुचला तर जरूर कळवा.