शब्दचर्चा: नृत्यशाळेच्या ‘सीझन’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

माझी भाची वेलिंग्टनला ‘न्यूझीलंड स्कूल ऑफ डान्स’मध्ये शिकते. १९६७ साली सुरू झालेली संस्था, बॅले आणि कंटेम्पररी अशा दोन शाखा. तिथे साधारण मे महिन्यात ‘कोरिओग्राफिक सीझन’ असतो. कंटेम्पररीची मुलं स्वतः नृत्यं रचतात, बरोबरीची मुलं ती नाचतात. त्याच इमारतीत ‘तोई फाकाआरी’ ही नाट्यशाळा आहे, तिथले विद्यार्थी प्रकाशयोजना वगैरे बघतात. साताऱ्याला आईला वाचता येईल असं निमंत्रण करायचंय. मी लिहिलं, ‘समकालीन नृत्यसंरचना हंगाम’. आई म्हणाली, “हंगाम कशाचा गं? ज्वारीचा मला कळतो.”

प्रतिसाद

आईंचं बरोबर आहे, पण हंगाम रंगमंचाला अगदीच परका नाही. तमाशाचा हंगाम असतोच की. दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा करत फिरतात. नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथे येऊन सुपारी देतात. पण तो हंगाम म्हणजे महिनोन्‌महिने गाड्या भरून गावं पालथी घालणं. तुमच्या भाचीचा कार्यक्रम एकाच जागी, थोडेच दिवस, आज केलं तेच उद्या. याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: प्रयोग. नुसतं ‘प्रयोग’ अनेकवचनी वापरा, ‘सीझन’ त्यात येऊन जातो. प्रयोगमालिका म्हणू नका, तिला टीव्हीचा वास येतो.

प्रतिसाद

‘प्रयोग’ला माझाही कौल, आणि कारण वेगळं आहे. नाटकाचा पाचशेवा खेळ झाला तरी मराठी माणूस त्याला प्रयोगच म्हणतो, आणि प्रयोगशाळेतलाही तो प्रयोगच. विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःची रचना लोकांसमोर ठेवतो तेव्हा हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असतात. इंग्रजीत ही सोय नाही.

मूळ प्रश्नकर्ती

पटलं. पण नोव्हेंबरात त्यांचा ‘परफॉर्मन्स सीझन’ही असतो. त्यात दोन्ही शाखा असतात आणि नृत्यं बहुतेक नामवंत रचनाकारांची. मग दोन्हींना प्रयोगच म्हणायचं?

प्रतिसाद

हो. फरक ‘प्रयोग’ या शब्दात शोधू नका, नृत्य कुणाचं आहे ते सांगा. आणि ताई, ‘नृत्यसंरचना’ काढाच. पूल बांधल्यासारखं वाटतं. आपल्याकडे नाच बसवतात. नाटकही बसवतात. शाळेत गॅदरिंगच्या आधी बाई जमिनीवर खडूने फुल्या मारायच्या, कोण कुठे उभं राहणार ते ठरवायच्या, तोंडाने आठ मात्रा मोजायच्या. मग कुणीतरी विचारायचं, “यंदा नाच कुणी बसवला?” कोरिओग्राफीचं सगळं काम या क्रियापदात आहे: सुचणं, दुसऱ्याच्या अंगात उतरवणं, पक्कं करणं. ‘नृत्यदिग्दर्शक’ म्हटलं की सिनेमाचं गाणं आठवतं. कर्ता हवाच असेल तर ‘नृत्यरचनाकार’ बरा.

प्रतिसाद

‘समकालीन’बद्दल कुणी बोललं नाही. मराठीत हा शब्द जोडीदार मागतो. तुकाराम आणि शिवाजी महाराज समकालीन. नुसतं ‘समकालीन नृत्य’ म्हटलं की कुणाशी समकालीन, असा प्रश्न उरतो. ‘आधुनिक’ही चालणार नाही, कारण मॉडर्न डान्स ही अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहॅम वगैरेंची वेगळी परंपरा आहे आणि कंटेम्पररी तिच्यानंतरचं. नृत्याच्या अभ्यासकांत ‘समकालीन’ आता रुळला आहे, लेखात तो वापरावा. घरच्या निमंत्रणात सरळ ‘कंटेम्पररी’ लिहावं. बॅले नाही का आपण बॅलेच लिहीत?

तसंच अशा संस्थांच्या माहितीत येणाऱ्या ‘टर्शरी’ या शब्दाचं. तिकडे शाळेनंतरच्या सगळ्या शिक्षणाला ते टर्शरी म्हणतात. ‘तृतीयक’ शब्द आपल्या भूगोलाच्या पुस्तकात व्यवसायांना लावलाय, तो इथे आणू नये. ‘बारावीनंतरचं शिक्षण’ पुरेसं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. शेवटी असं लिहिलं:

‘तुमच्या नातीने आणि तिच्या बरोबरच्या मुलांनी बसवलेल्या नव्या नाचांचे प्रयोग, वेलिंग्टन.’

कंटेम्पररी हा शब्दही लागला नाही. आईने दोनदा वाचलं आणि लगेच नातीला फोन लावायला सांगितला. तिचा पहिला प्रश्न होता, “रंगीत तालीम कधी आहे?”