मदत हवी आहे : दारू आणि तंबाखूचा एकत्रित परिणाम
नमस्कार. मी बीड जिल्ह्यातून लिहीत आहे. माझे थोरले काका दिवसभर तंबाखू खातात आणि संध्याकाळी दारू पितात. दारूमुळे तोंड स्वच्छ होते, अशी त्यांची ठाम समजूत आहे आणि तिचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

माझ्या वाचनानुसार वस्तुस्थिती नेमकी उलट आहे : मद्यार्कामुळे तोंडाच्या आतील नाजूक अस्तरातून तंबाखूतील नायट्रोसामाइनसारखी कर्करोगकारक रसायने पेशींत अधिक सहज शिरतात, शिवाय मद्यार्कापासून शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड डीएनएला इजा करते, आणि त्यामुळे दोन्ही सवयी असणाऱ्यांना तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका दोन वेगवेगळ्या धोक्यांच्या बेरजेहूनही अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे.

हे काकांना त्यांचा मान राखून कसे समजावावे? रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी असे मला वाटते. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मुखतपासणीसाठी आधी कोणत्या विभागात जावे, आणि व्यसनमुक्तीचे उपचार बीड किंवा अंबाजोगाईत कोठे मिळतात, हे अनुभवी सदस्यांनी कृपया कळवावे.